व्हायग्रा शरीरात नेमकं करते काय?

निळ्या रंगाची, पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराची ही गोळी नावानं सगळ्यांना माहीत आहे. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिला परवानगी दिली, त्याला पाव शतक उलटून गेलं. तरी आजही तिच्याबद्दल विचारलं तर बहुतेकांकडून तीन गोष्टी ऐकू येतात. ती इच्छा जागवते. ती चुकून सापडली. ती हृदयाला घातक असते. यातली पहिली साफ चूक आहे, दुसरी अर्धीच खरी आहे, आणि तिसरी एका ठरावीक परिस्थितीत जीव जाण्याइतकी खरी आहे, एरवी नाही.

हा फरक नीट कळला नाही की दोन्हीकडून नुकसान होतं. ज्यांना ही गोळी चालली असती ते भीतीपोटी वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि ज्यांनी तिला हातही लावू नये ते कोणाला न विचारता घेऊन मोकळे होतात. दोघांचीही जीभ लाजेनं अडलेली असते. तेव्हा लाज बाजूला ठेवू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

ताठरता येते ती स्नायू सैल पडल्यामुळे

लिंगात हाड नसतं, आणि दंड उचलणाऱ्या स्नायूसारखा एखादा स्नायूही ते उचलून धरत नाही. आत लांबीच्या दिशेनं स्पंजासारख्या ऊतींचे दोन दांडे असतात. त्या स्पंजाच्या छिद्राछिद्राच्या भिंतीत बारीक स्नायुतंतू असतात. हे तंतू आपल्या हुकमात नसतात. आतडी किंवा रक्तवाहिन्या जशा आपल्याला न विचारता आवळतात आणि सैल होतात, तसेच हेही. दिवसाचा बहुतेक वेळ ते आवळलेले असतात, त्यामुळे छिद्रं मिटलेली राहतात आणि आत येणारं रक्त जेमतेम पेशी जगवण्यापुरतं येतं.

ताठरता म्हणजे कुठलातरी स्नायू ताणला जाणं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हे आवळलेले तंतू सैल सुटतात, छिद्रं उघडतात आणि रक्त आत धावतं. चिंता, घाई, ‘आजही जमलं नाही तर?’ ही धास्ती, यांनी ताठरता का जाते तेही यातूनच कळतं. घाबरल्यावर शरीर ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं सोडतं, आणि ही रसायनं नेमके हेच तंतू आवळतात.

पण नुसतं रक्त भरल्यानं कडकपणा येत नाही. सायकलची ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरा. ती फुगते, पण बोटानं दाबली की दबते. तीच टायरच्या आत भरली की दगडासारखी होते, कारण टायर एका मर्यादेपलीकडे ताणला जात नाही. स्पंजाच्या दांड्यांभोवतीही असंच चिवट आवरण असतं. रक्त भरत गेलं की स्पंज त्या आवरणाला आतून टेकतो आणि रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा दोन्हींच्या मध्ये चेपल्या जातात. येणारं रक्त येत राहतं, जाणारं अडतं. वेगळी झडप नाही, वेगळा दरवाजा नाही. भरता भरताच परतीची वाट बंद होते. मला ही रचना फार सुंदर वाटते.

या साखळीत कुठेही बिघाड होऊ शकतो. धमन्या आतून अरुंद झाल्या असतील, मधुमेहानं नसा आणि वाहिन्या दोन्ही खराब झाल्या असतील, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत नसांना इजा झाली असेल, किंवा मनावर ताण असेल. संभोगाला पुरेशी ताठरता न येणं किंवा न टिकणं, आणि हे वारंवार होणं, याला वैद्यकात ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणतात. आपण साधं ‘ताठरतेची तक्रार’ म्हणू. जुना शब्द नपुंसकत्व. तो आजाराचं नाव सांगत नाही, माणसालाच नाव ठेवतो. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं इंग्रजीतला तसाच शब्द सोडून द्यायला सांगितलं, तेही याच कारणानं.

किती जणांना असते ही तक्रार? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला आणि तो १९९४ मध्ये छापून आला. कमी-जास्त प्रमाणात तक्रार असलेले निघाले ५२ टक्के. म्हणजे त्या वयाच्या दोघांतल्या एकाला.

टाकी, नळ आणि बोळा

तंतूंना ‘सैल व्हा’ असं सांगतं कोण? मनात इच्छा जागली किंवा स्पर्श झाला की नसांच्या टोकांतून आणि वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात स्नायुपेशीत शिरून एक दुसरं रसायन तयार करवतो. त्याचं नाव सीजीएमपी. पेशीत सीजीएमपी साठलं की तंतू सैल पडतो.

असा आदेश कायम चालू राहिला तर पंचाईत होईल. म्हणून पेशीत सीजीएमपी मोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, सतत कामाला जुंपलेलं असतं. त्याला पीडीई-५ म्हणतात. ही दोन नावं एवढी लक्षात ठेवा, पुढे जड शब्द फारसे नाहीत.

आता एक टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळ सुटतो, तळाच्या छिद्रातून पाणी वाहून जातं. नळ म्हणजे इच्छा आणि नसांचा निरोप. पाणी म्हणजे सीजीएमपी. तळाचं छिद्र म्हणजे पीडीई-५. पाणी एका खुणेपर्यंत चढलं तरच काम होतं. तरुण, निरोगी माणसात नळाची धार एवढी जोरात असते की छिद्र उघडं असलं तरी पाणी खुणेच्या वर जातं. मधुमेहानं, वयानं किंवा ताणानं धार बारीक झाली की पाणी येतं तसं वाहून जातं आणि खुणेपर्यंत पोहोचतच नाही.

व्हायग्रा, म्हणजे तिच्यातलं सिल्डेनाफिल हे औषध, या छिद्राला बोळा लावतं. तेही घट्ट नाही, आणि काही तासांपुरतंच. नळाला ते हात लावत नाही.

म्हणजे गोळी घेतली की आपोआप होतं?

नाही, आणि याचं उत्तर टाकीतच आहे. नळ बंद असेल तर छिद्राला कितीही बोळे लावा, टाकी कोरडीच राहणार. गोळी घेऊन माणूस हिशेब लिहीत बसला तर हिशेबच लिहून होतील.

प्रयोगशाळेत हे अगदी डोळ्यांनी पाहिलं गेलंय. मानवी लिंगातल्या स्पंज-ऊतींच्या पट्ट्या कोमट द्रावणात टांगल्या आणि त्यांतल्या नसांना विजेचे हलके झटके दिले. झटका म्हणजे इच्छेच्या निरोपाची नक्कल. झटका दिला की पट्टी थोडी सैल पडायची. द्रावणात सिल्डेनाफिल घालून तेवढाच झटका दिला की ती कितीतरी जास्त सैल पडायची. आणि औषध घातलं पण झटकाच दिला नाही? पट्टी ढिम्म हलली नाही. मला विचाराल तर व्हायग्राबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं सत्य त्या टांगलेल्या पट्टीत आहे. ही गोळी कामेच्छा वाढवत नाही; मेंदूतल्या इच्छेच्या यंत्रणेशी तिचा संबंध नाही. दोघांमधला अबोला, थकवा, मनातली नाराजी यांवर ती काही करू शकत नाही.

एका वायूसाठी नोबेल

ही सगळी साखळी १९८० च्या आधी कोणालाच ठाऊक नव्हती. हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येते, त्याला अंजायना म्हणतात. त्यावर नायट्रोग्लिसरीन दिलं जातं ते १८७९ पासून. हे तेच रसायन, ज्यापासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवलं. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी हृदयासाठी तेच सुचवलं होतं. गुण यायचा, पण का येतो ते शंभर वर्षं कळलं नव्हतं.

१९७७ मध्ये फरीद मुराद यांनी दाखवलं की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि त्यानं स्नायू सैल पडतात. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सिद्ध केलं की वाहिन्यांचं अस्तर स्वतःच असा काहीतरी सैल करणारा पदार्थ सोडतं. तो पदार्थ म्हणजे हाच वायू, हे १९८६-८७ पर्यंत पक्कं झालं. त्यात लुई इग्नॅरो यांचा मोठा वाटा होता. गाड्यांच्या धुरात सापडणारा वायू शरीर निरोप्या म्हणून वापरतं, हे पचवायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १९९२ मध्ये इग्नॅरो आणि सहकाऱ्यांनी लिंगाच्या स्पंज-ऊतीतही हाच निरोप चालतो असं दाखवलं. पुढे या तिघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं ते १९९८ मध्ये, म्हणजे गोळी बाजारात आली त्याच वर्षी.

सँडविच गावातली प्रयोगशाळा

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सँडविच नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या फायझर या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात १९८० च्या दशकाच्या मध्यावर रक्तदाबासाठी आणि मग अंजायनासाठी औषध शोधणं चालू होतं. विचार सरळ होता. पीडीई-५ ला अडवलं तर सीजीएमपी टिकेल, वाहिन्या सैल राहतील आणि हृदयाला रक्त जास्त मिळेल. झॅप्रिनास्ट नावाचं एक जुनं, ॲलर्जीसाठी तपासलेलं संयुग पीडीई-५ ला थोडंफार अडवायचं. त्याच्यापासून सुरुवात करून रसायनतज्ज्ञ रेणूत एकेक बदल करत गेले, आणि १९८९ मध्ये यूके-९२,४८० हा क्रमांक लागलेलं संयुग हाती आलं. हेच पुढचं सिल्डेनाफिल.

१९९१ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि निराशा पदरी पडली. औषध शरीरातून लवकर निघून जायचं; चार तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर. अंजायनाला दिवसभर आधार लागतो, तो यातून मिळेना. वर, अंजायनाचे रुग्ण आधीच नायट्रोग्लिसरीनच्या कुळातली औषधं घेत होते, आणि दोन्ही एकत्र आली की रक्तदाब फार उतरत होता. तब्येतीनं ठणठणीत स्वयंसेवकांना दहा दिवस, दर आठ तासांनी गोळी दिली गेली तेव्हा अपचन, डोकेदुखी, पाठ आणि पाय दुखणं या तक्रारींच्या यादीत आणखी एक नोंद दिसू लागली: ताठरता. चाचण्यांचं काम पाहणारे डॉक्टर इयन ऑस्टरलो यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलंय की तेव्हा त्या नोंदीला फारसं महत्त्व कोणी दिलं नव्हतं.

यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तो संशोधन गटातले रसायनतज्ज्ञ डेव्हिड ब्राउन यांनी सांगितला आहे. वेल्समधल्या मर्थर टिडफिल या गावात एक चाचणी झाली. कोळसा आणि पोलाद यांवर जगलेलं, आणि खाणी बंद पडल्यावर कामधंद्याला महाग झालेलं हे गाव. तिथले पुरुष स्वयंसेवक म्हणून आले होते. शेवटी सगळ्यांना विचारलं गेलं, आणखी काही सांगण्यासारखं? एकानं हात वर केला आणि सांगितलं की रात्री ताठरता नेहमीपेक्षा जास्त येत होती. बाकीचे हसले, आणि म्हणाले, आम्हालाही.

त्या पहिल्या माणसानं हात वर केला नसता तर? भर खोलीत, डॉक्टरांसमोर, सोबत्यांसमोर हे बोलणं सोपं नव्हतं. या औषधाच्या इतिहासात मी त्या हाताला शास्त्रज्ञांच्या बरोबरीचं मानतो.

मग ही लॉटरी नव्हती का?

‘शोधायला गेले हृदयाचं, सापडलं भलतंच’ ही गोष्ट सांगायला छान आहे. पण दुष्परिणामांच्या यादीतली एक ओळ म्हणजे औषध नव्हे. अशा ओळी हजारो औषधांच्या फायलींत पडून असतात. इथे ती उचलली गेली, कारण जमीन आधीच तयार होती.

तोवर अनेक डॉक्टर ताठरतेची तक्रार मनाच्या खात्यात टाकत असत. १९८२ मध्ये पॅरिसचे शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी दाखवलं की वाहिन्या सैल करणारं पापाव्हेरिन थेट लिंगात टोचलं तर ताठरता येते. पुढच्याच वर्षी लास व्हेगास इथे मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन ते मंचावर आले आणि परिणाम सर्वांसमोर दाखवला. सभागृह हादरलं. पण त्यानंतर एक गोष्ट कोणालाच नाकारता येईना: ना उत्तेजक दृश्य, ना स्पर्श, केवळ रसायनानं स्नायू सैल पडले आणि ताठरता आली. म्हणजे हा शरीराचा, वाहिन्यांचा मामला होता. अडचण एवढीच की दर वेळी अशा जागी सुई टोचून घ्यायला किती जण तयार होणार?

१९९२ मध्ये नायट्रिक ऑक्साइडचं काम प्रसिद्ध झालं आणि सँडविचमधल्या लोकांना दोन टोकं जुळलेली दिसली. अंजायनाचा प्रकल्प तेव्हा बंद पडण्याच्या बेतात होता. १९९३ च्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये ताठरतेची तक्रार असलेल्या अवघ्या १२ पुरुषांवर पहिली चाचणी सुरू झाली. काही दिवस खरी गोळी, काही दिवस तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कोणती कधी हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. कडकपणा मोजायला यंत्र होतं आणि घरी रोज नोंदवही भरायची होती. १२ पैकी १० जणांना फरक पडला. तिथून पुढे परवानगी मिळेपर्यंत १९ ते ८७ वयाच्या ३,००० हून अधिक पुरुषांवर चाचण्या झाल्या.

मे १९९८ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत खरी गोळी घेणाऱ्यांचे संभोगाचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. नुसत्या दिसायला तशा असलेल्या गोळीवर २२ टक्के. पहिला आकडा औषधाची ताकद सांगतो, आणि उरलेल्या ३१ टक्क्यांत त्याची मर्यादाही आहे, कारण ते सर्वांना लागू पडत नाही. दुसऱ्या आकड्यात औषधाचा कणही नाही. डॉक्टरांशी बोलणं झालं, कोणी गांभीर्यानं ऐकून घेतलं, धीर आला, याचा काही वाटा त्या २२ टक्क्यांत असणार असं मला वाटतं.

अंजायनाला नडलेला अल्पजीवीपणा इथे मात्र वरदान ठरला. संध्याकाळी घेतलेली गोळी सकाळपर्यंत बहुतांशी उतरलेली बरी. पुढे २००३ पर्यंत व्हार्डेनाफिल आणि टाडालाफिल ही भावंडं आली. टाडालाफिलचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साडेसतरा तास लागतात, त्यामुळे त्याचा परिणाम दीड दिवसापर्यंत राहू शकतो. बोळा तोच, फक्त जास्त वेळ टिकणारा.

डोकं का दुखतं, निळं का दिसतं?

पीडीई-५ फक्त लिंगात नसतं. ते डोक्यातल्या, चेहऱ्यावरच्या, नाकातल्या वाहिन्यांतही असतं, म्हणून डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं. डोळ्याच्या पडद्यावर त्याचं भावंड पीडीई-६ असतं. सिल्डेनाफिलचा थोडा धक्का त्यालाही लागतो आणि काही जणांना काही तास जग निळसर दिसतं. हे आपोआप जातं. अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, किंवा ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. असं क्वचितच होतं, पण झालं तर प्रत्येक तास मोलाचा असतो. चार तासांच्या वर अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो आणि स्पंज कायमचा निकामी होऊ शकतो.

हृदयाला धोका असतो की नसतो?

पुन्हा टाकीकडे या. नायट्रोग्लिसरीनच्या कुळातल्या औषधांना नायट्रेट म्हणतात. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी, तोंडात मारायचा फवारा, छातीवर चिकटवायची पट्टी, रोज घ्यायच्या काही गोळ्या, ही सगळी त्यातलीच. ही औषधं शरीरभर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, म्हणजे नळ पूर्ण उघडतात. त्यात छिद्राला बोळा बसलेला असेल तर अंगभरच्या वाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, आणि आधीच आजारी असलेल्या हृदयाला रक्त पोहोचत नाही. यात माणूस दगावू शकतो. नायट्रेट चालू असणाऱ्यानं सिल्डेनाफिल घ्यायचं नाही, इथे ‘अर्धी गोळी चालेल’ वगैरे काही नसतं. नशेसाठी हुंगायचे ‘पॉपर्स’ही रासायनिकदृष्ट्या याच कुळातले.

नायट्रेट घेत नसलेल्या, तब्येत स्थिर असलेल्या माणसात चित्र वेगळं आहे. नीट आखलेल्या चाचण्यांमध्ये सिल्डेनाफिलमुळे हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसलेलं नाही. प्रश्न असतो तो श्रमाचा. दोन जिने न थांबता चढून दम लागत नसेल, छातीत दुखत नसेल, तर संभोगाचा ताणही हृदयाला सहसा पेलतो, असा डॉक्टरांचा ढोबळ आडाखा आहे. रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटसाठी अल्फा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलायला हवं.

आता याची दुसरी बाजू, जी मला गोळीपेक्षाही महत्त्वाची वाटते. लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन ते चार. चरबीचा थर दोन्हीकडे सारख्याच गतीनं साचत असेल तर आधी चोंदणार ती बारीक नळी. कितीतरी पुरुषांत छातीतल्या पहिल्या कळेच्या दोन ते पाच वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली आढळते. म्हणजे शरीर आधीच हाक मारत असतं. ती ऐकून जो माणूस डॉक्टरांकडे जातो त्याची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासलं जातं, सिगारेटचा विषय निघतो. जो गुपचूप गोळी मिळवतो त्याचं त्या रात्रीचं काम होतं, आणि ती हाक तशीच विरून जाते.

तब्येत उत्तम असेल तर घेतल्यानं जोर वाढतो का?

ज्याचं पाणी बोळ्याशिवायच खुणेच्या वर जातं त्याला बोळ्याचा उपयोग काय? निरोगी तरुणाला यातून फारसं काही मिळत नाही. पण ‘गोळी घेतली म्हणून जमलं’ हा विचार डोक्यात बसतो, आणि मग गोळीशिवायच्या रात्री धास्ती वाटू लागते. धास्तीनं तंतू आवळतात. नसलेली तक्रार अशी तयार होते.

बायकांसाठी अशी गोळी का नाही?

प्रयत्न झाले. सुमारे ३,००० स्त्रियांवर चाचण्या करून फायझरनं २००४ मध्ये तो नाद सोडला. औषधानं रक्तपुरवठा वाढत होता, पण स्त्रियांना इच्छेत किंवा सुखात ठळक फरक जाणवत नव्हता. त्यांची अडचण बहुतेकदा टाकीच्या छिद्राशी नव्हतीच.

तीच गोळी, दुसरं काम

फुप्फुसांतल्या वाहिन्यांमध्येही पीडीई-५ भरपूर असतं. तिथला रक्तदाब वाढण्याचा एक दुर्मीळ, गंभीर आजार आहे. रुग्णाला चार पावलं चालतानाही धाप लागते. २००५ मध्ये सिल्डेनाफिलला त्यासाठी मंजुरी मिळाली, २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, स्त्रियांनाही. त्यामुळे एखाद्या बाईच्या औषधांच्या यादीत हे नाव दिसलं तर भुवया उंचावू नका. पण सगळीकडे ते चांगलंच ठरतं असंही नाही. गर्भाची वाढ खुंटलेल्या मातांना ते देऊन पाहणारी नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये थांबवावी लागली, कारण जन्मलेल्या बाळांपैकी काही जण फुप्फुसांच्या त्रासानं दगावली. वाहिन्या कुठल्या, कोणाच्या आणि कोणत्या वेळी, यावर सगळं अवलंबून आहे.

‘निसर्गातून आलेली’ गोळी बरी नव्हे का?

डॉक्टरांसमोर तोंड उघडायला नको म्हणून पुष्कळ जण ‘संपूर्ण वनौषधी’ असं छापलेल्या पुड्या आणि कॅप्सूल घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशी उत्पादनं वर्षानुवर्षं तपासली आहेत, आणि त्यांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल किंवा त्याचं भावंड पुन्हा पुन्हा सापडलं आहे. किती मिलिग्रॅम ते वेष्टनावर नसतं, कारण मुळात ते आहे हेच लिहिलेलं नसतं. खऱ्या गोळीवर निदान २५, ५० की १०० हे छापलेलं असतं आणि सोबत नायट्रेटचा इशारा असतो.

हा नुसता फसवणुकीचा मुद्दा नाही. रात्री दोन वाजता कोणाच्या तरी छातीत कळ येते आणि घरचे त्याला तातडीच्या कक्षात आणतात. डॉक्टरांच्या हातात नायट्रेटचा फवारा तयार असतो. तो मारण्याआधी ते एक प्रश्न विचारतात: ताठरतेसाठी काही घेतलंत का, आणि कधी? सिल्डेनाफिल असेल तर २४ तास, टाडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. अशा वेळी डॉक्टर दुसरं औषध निवडतात, आणि तशी औषधं त्यांच्याकडे असतात. शेजारी बायको उभी असते, मोठा मुलगा उभा असतो. प्रश्न विचारणाऱ्याला त्या उत्तरात कसलंही नवल वाटणार नसतं. रोज विचारला जाणारा प्रश्न आहे तो. पुडीवर फक्त ‘वनौषधी’ लिहिलेलं असलं तरीही ‘हो, काल रात्री एक घेतली होती’ एवढं एक वाक्य त्या क्षणी त्याच्या तोंडून बाहेर यायला हवं.